आमच्याकडे असतो

४ सप्टेंबर

ताई,

आधी बस. उभ्याने वाचलंस की तू अर्ध्यातच चिडतेस.

मी तुझ्याच शहरात आहे. आज बावीस दिवस झाले. नऊ वर्षांत मी तुझ्याकडे दोनदा आलो आणि दोन्ही वेळा हातात एक पिशवी आणि तोंडात एक गोष्ट होती, अमुक काम का सुटलं त्याची. या वेळी ठरवलं, आधी काहीतरी धड होऊ दे, मग दार वाजवू.

तर झालंय. महापालिकेच्या पाणीखात्यात लागलोय. रोजंदारीवर, मीटर वाचायला. हसू नकोस. घरोघर जायचं, फाटकाजवळचं लोखंडी झाकण आकड्याने उचलायचं, मीटरची काच ओल्या फडक्याने पुसायची, आकडा वहीत लिहायचा, झाकण लावायचं, पुढचं घर. आई म्हणायची ना, याच्या पायाला भिंगरी आहे, याला कोण ठेवून घेणार? ठेवून घेतलंय, आणि भिंगरीसकट. दिवसाला दोनशे घरं. झाकणाखाली काय काय असतं सांगू? बेडूक तर असतातच. एका ठिकाणी चमचा सापडला, चांगला जड. मी मीटर वाचून तो बाईंना दिला तर त्या रडायलाच लागल्या. सासूने चोरीचा आळ घेतला होता म्हणे सात वर्षांपूर्वी. काय सांगत होतो?

हां. ऑक्टोबरअखेरीस आमच्या वीस जणांतून सहा जणांना कायम करणार आहेत. पत्रक लागलंय. मुकादम म्हणतो तुझं नाव वरच्या चारात आहे. हा मुकादम म्हणजे नुसती घागर, चालताना सांडेल की काय असं वाटतं, पण माणूस सरळ.

अर्जात एक रकाना होता: महापालिकेत कोणी नातेवाईक आहे का? मी 'नाही' लिहिलं. रागावू नकोस. कागदावर आपण एकमेकांचे कोण? दोन दिवसांसाठी ठेवलेलं पोरगं अकरा वर्षं राहिलं, एवढंच. शिवाय तू रस्त्यांच्या खात्यात, मी पाण्याच्या. रस्ता कोरडा, पाणी ओलं. संबंध काय!

दाजींना नमस्कार.

तुझा,
भिंगरी

*

७ सप्टेंबर

भिंगरी,

बसूनच वाचलं. मग उठले.

रस्त्यांच्या खात्यातून माझी बदली होऊन आठ महिने झाले. घरी आला असतास तर कळलं असतं. मी आता पाणीखात्याची उपप्रमुख आहे. तुझी हजेरी मुकादम लिहितो आणि दर शनिवारी त्यावर माझी सही होते. तीन शनिवारी मी तुझ्या नावावर सही केली आहे आणि वाचलंसुद्धा नाही. सहा जणांना कायम करणारी जी समिती आहे, तिची अध्यक्ष मी आहे.

आता नीट ऐक. घरी यायचं नाही. फोन करायचा नाही. तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही. वाटेत दिसले तर ओळख दाखवायची नाही. काही सांगायचं असेल तर पत्र लिहायचं, तेही ऑफिसच्या पत्त्यावर, पाकिटावर माझ्या हुद्द्यासकट. घरच्या पत्त्यावर नाही.

जेवतोस ना वेळेवर? खोली कुठे आहे, ते कळव.

ताई

*

१३ सप्टेंबर

ताई,

कळलं. पोलिसात दिलं नाहीस, हे उपकार.

घरचा पत्ता का नको? दाजींना कळू नये म्हणून? की शेजारपाजारच्यांना? मागच्या वेळी मी तुमच्या जिन्यात माझे बूट धुतले, ते अजून लक्षात आहे वाटतं. ठीक आहे, हुद्द्यासकट लिहितो. हुद्दा एवढा लांब आहे की पाकिटावर तिकिटाला जागा उरली नाही, मागे लावलंय.

खोली गोदामाच्या वरती आहे. खाली फरशा ठेवतात, त्यामुळे पाय आपटला तरी कोणी तक्रार करत नाही. मी एक गादी घेतली. ताई, गादी! आजवर माझ्याकडे पिशवीत मावणार नाही अशी वस्तू कधी नव्हती. दुकानदार म्हणाला, घरी पोचवू का? मी म्हटलं, नको, आणि भर दुपारी डोक्यावर घेऊन गेलो. सगळा रस्ता बघत होता. नवरदेवासारखं वाटलं.

आता एक कबुली. पहिल्याच आठवड्यात तुमची गल्ली माझ्या वहीत होती. तुमचं मीटर मी वाचलंय. घराला कुलूप होतं. तरी लाल काटा हळूहळू फिरत होता. म्हणजे आत कुठेतरी नळ गळतोय. बहुतेक न्हाणीघरातला. दाजींना वायसर बदलायला सांग. मी दाराशी पाच मिनिटं उभा राहिलो, पाटी वाचली आणि गेलो.

बाकी तुझं घोडं कुठे अडलंय ते मला समजत नाही. मी नोकरी तुझ्या ओळखीवर घेतली नाही. रांगेत उभं राहून घेतली, तीही पुढच्या माणसाला चक्कर आली म्हणून नंबर लागला. कोणाला आपल्याबद्दल माहीत नाही. तू गप्प बस, मी गप्प बसतो. झाकली मूठ. आणि आपण तसं खोटंही बोलत नाही, कारण नातं कागदावर नाहीच. सहा जणांत मी बसलो तर माझ्या पायांच्या जोरावर बसेन. एवढं एकदा होऊ दे ना. सव्वीस वर्षांत मी कुठल्याही यादीत वरच्या चारात नव्हतो. शाळेत तर वरून मोजायचा प्रश्नच नव्हता.

फक्त गप्प बस. एवढंच मागतो.

भिंगरी

*

२ ऑक्टोबर

भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. इकडे तिकडे विचारत होते.

दर वर्षी आम्हा अधिकाऱ्यांना हितसंबंधांचं घोषणापत्र भरावं लागतं. महापालिकेत आपलं कोण काम करतं, ठेका कोणाकडे आहे, कोणाचा अर्ज आहे, सगळं. मुदत पंधरा तारखेची. त्यात छापलंय, 'रक्ताचे किंवा लग्नाचे नातेवाईक'. कायदा अधिकाऱ्यांना मी नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, मॅडम, रक्त नाही, लग्न नाही, दत्तक नाही, मग प्रश्न कुठे येतो? रकाना कोरा सोडा. तुझे दाजीही तेच म्हणाले. वर म्हणाले, नसती उठाठेव करायची तुला सवयच आहे. वायसर त्यांनी बदलला.

म्हणजे तुझंच खरं. कोरा सोडला तर कोणी बोट दाखवणार नाही.

माझं एक काम कर. आपल्या घरी तू कसा राहिलास, ते सगळं लिही. केव्हा आलास, कुठे झोपायचास, शाळेच्या कागदांवर कोण सही करायचं, आजारी पडलास तर कोण बसायचं, मार कोणाचा खाल्लास. फाफटपसारा चालेल, पण खरं लिही. तारखा आठवत असतील तर घाल. मला हवंय.

ताई

*

६ ऑक्टोबर

ताई,

तू आणि जुन्या आठवणी! चाळिशी जवळ आली की असं होतं, आमची घागर सांगत होती. बरं, घे.

मी आलो तेव्हा सहा वर्षांचा होतो. तारीख आठवत नाही, पण तुझा परीक्षेचा निकाल लागला होता आणि घरात सगळे खूश होते, म्हणून मला वाटलं माझ्या येण्यानेच खूश आहेत. बाप ट्रक चालवायचा. तुमची मागची खोली त्याने भाड्याने घेतली होती. आईला म्हणाला, दोन दिवस बघा याला, माल टाकून येतो. कुठला माल होता देव जाणे, अजून टाकतोय.

झोपायचो आईच्या पायाशी, मग पाय लांब झाल्यावर दारातल्या सतरंजीवर. ताट वेगळं नव्हतं, तुझ्याच ताटात. तू अंड्यातलं पिवळं खायची नाहीस, ते माझं. अजून मला पांढरं आवडत नाही, ते तुझं वाटतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आईची सही तू ठोकायचीस, कारण आईने माझे गुण बघितले असते तर पुस्तकच चुलीत गेलं असतं. गुरुजी एकदा म्हणाले, तुझ्या आईचं अक्षर फार कोवळं आहे रे. मला गोवर आला तेव्हा तू अकरा दिवस कॉलेज बुडवलंस. मार म्हणशील तर आईचा हाताने, तुझा पट्टीने. माझा पुढचा दात अर्धा आहे तो तुझ्यामुळे. तू ढकललंस म्हणून नाही. तू झाडावर चढलीस आणि मी तुझ्या मागे.

आणखी काय? हां, सायकल. सायकलीचं नंतर कधी सांगतो, ते मोठं आहे आणि त्यात कुत्रं आहे.

मी का गेलो ते तू कधी विचारलं नाहीस. आता लिहायलाच बसलोय तर लिहितो, म्हणजे जाईल एकदाचं. आई दवाखान्यात होती. शेवटचे दिवस. वॉर्डच्या दाराशी ती जाड नर्स बसायची, हातात पॅड. फक्त नातेवाइकांना आत सोडायची. तू पुढे, मी मागे. तिने माझ्याकडे पेन दाखवून विचारलं, हा कोण? तू म्हणालीस, 'हा आमच्याकडे असतो.'

बस. एवढंच. तू आत गेलीस. मी बाकावर बसलो. बाकाचा एक पाय लहान होता, त्यामुळे मी हललो की तोही हलायचा. तीन दिवस मी त्या बाकावर होतो. मग आई गेली आणि महिन्याभराने मी.

रागावून नाही गेलो, खरंच. तू खोटं काय बोललीस? असायचोच की तुमच्याकडे. पण जो नुसता 'असतो', तो कधीतरी 'नसतो' होणारच, असं काहीतरी डोक्यात बसलं. सतरा वर्षांच्या डोक्यात काय बसेल सांगता येत नाही.

वाचून झालं की टाकून दे. पंचवीस दिवस राहिले. आज दोनशे दहा घरं केली.

भिंगरी

*

२१ ऑक्टोबर

भिंगरी,

तुला काल आदेशाची प्रत मिळाली असेल. माझं पत्र आधी पोचायला हवं होतं. पण निर्णय लागेपर्यंत लिहायची मला परवानगी नव्हती.

घोषणापत्रात मी तुझं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिलं. आचारनियम अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला. जन्मदाखला नाही, दत्तकपत्र नाही, रेशनकार्डावर तुझं नाव आईने कधी घातलं नाही. तुझी तिन्ही पत्रं जोडली. ऑफिसच्या पत्त्यावर आली की आवक शिक्का लागतो, तारीख लागते. मग ते पत्र कोणी खोटं ठरवू शकत नाही. म्हणूनच घरचा पत्ता नको म्हटलं होतं. तुला बुटांचं वाटलं.

समितीतून मी बाजूला झाले. मला वाटलं होतं तेवढ्यावर भागेल, तुझं तुझ्या पायांवर ठरेल. मी बदलीही मागितली. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. अधिकाऱ्यांनी पत्रं वाचली आणि एका घरात, एका आईच्या हाताखाली वाढलेला तो भाऊच, असं मान्य केलं. आणि मान्य केलं म्हणजे तुझ्या अर्जातलं 'नाही' चुकीचं ठरलं. शिवाय अधिकाऱ्याच्या भावाला त्याच खात्यात कामावर राहता येत नाही. हे पुढचं मी पाहिलं नव्हतं. पाहायला हवं होतं.

ताई

*

२३ ऑक्टोबर

ताई,

मी एकच गोष्ट मागितली होती.

आणि तू आठवणी मागितल्यास. मला वाटलं, तुला माझी आठवण येतेय.

*

२६ ऑक्टोबर

भिंगरी,

सही नाही, नाव नाही, तरी पत्राला आवक क्रमांक पडला. कारकुनाने विचारलं, कोणाचं आहे मॅडम? मी म्हटलं, भावाचं.

दोन गोष्टी लिहिते. मग तुला वाटेल ते कर.

पहिली दवाखान्याची. तू ऐकलंस हे मला माहीत होतं. तुझ्या पावलांचा आवाज मागे थांबला तेव्हाच कळलं. नर्सच्या मागे पाटी होती, 'खोटी माहिती देणाऱ्यास प्रवेश नाही.' मी एकोणतीस वर्षांची, नोकरीत पाच वर्षं झालेली, कागदाला घाबरणारी. वाटलं, भाऊ म्हटलं आणि आडनाव विचारलं तर मलाही आत सोडणार नाहीत. नियमाला धरून बोलले. आईने त्या तीन दिवसांत दोनदा विचारलं, भिंगरी कुठंय? मी सांगितलं, बाहेर आहे, येतोय. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

तुझ्या तिसऱ्या पत्राचं ते पान काढून बाकीचं जोडता आलं असतं. अधिकाऱ्यांपुढे माझी अब्रू राहिली असती. पण पान काढलं नाही. तेच सगळ्यात मोठा पुरावा होतं. परका माणूस बाकावर तीन दिवस बसत नाही.

आता दुसरी. आदेशाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत तुला हरकत घेता येते. तिसऱ्या मजल्यावर, खिडकी पाच. एक छापील अर्ज आहे. त्यात एवढंच लिहायचं की 'सदर अधिकाऱ्याशी माझं कोणतंही नातं नाही'. खाली सही. मग माझी नोंद खोडली जाईल, तुझं 'नाही' बरोबर ठरेल आणि नाव यादीत परत येईल. मी चौकशी केली आहे, तू दुसरा आहेस. चौथा नाही, दुसरा. समितीत आता मी नाही, त्यामुळे कोणी तुला ढकलणार नाही आणि धरणारही नाही. माझ्या फायलीत एक शेरा पडेल, तो पडू दे.

मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. पण सही केलीस तर मी समजेन. या वेळी मी तुला न विचारता तुझं नातं ठरवलं, तेव्हा न विचारता तोडलं होतं. आता तू ठरव. मुदत चार नोव्हेंबर, संध्याकाळी पाच.

ताई

*

३ नोव्हेंबर

ताई,

हे घरच्या पत्त्यावर लिहितोय. याच्यावर शिक्का मारायचा नाही.

आठ दिवस नुसता फिरलो. काम होतंच, आदेश पक्का होईपर्यंत हजेरी चालू आहे. पण घागरीने तुमची गल्ली माझ्या वहीतून काढली. म्हणाला, भावाने बहिणीचं मीटर वाचायचं नाही, नियम आहे. मी म्हटलं, असा नियम नाही. तो म्हणाला, आता कशालाही नियम असेल बाबा, मी धोका घेत नाही. मग हळूच म्हणाला, मी चालताना सांडतो का रे खरंच? मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तुझी फाईल कोणी कोणी वाचलीय? चहा देणाऱ्या बाईने मला दात दाखवायला सांगितला.

चिडलो होतो. खूप. दिवसभर तुझ्याशी भांडत होतो, मनातल्या मनात, झाकणं उघडत. दोन घरांचे आकडे चुकले. आजवर एक चुकला नव्हता. मी दुसरा, ताई! हे तू लिहायला नको होतंस, किंवा पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतंस, मला कळत नाही. पायाखाली वाळू आहे असं वाटत होतं, कुठेच थांबवेना. जेवतानाही उभा. गादीवरसुद्धा झोप नाही, आणि गादीचा काय दोष.

काल गेलो खिडकी पाचवर. तुझ्या खोलीच्या बाजूचा जिना घेतला नाही, मागून आलो. रांगेत सात माणसं. माझ्या पुढचा म्हातारा घरपट्टीचं भांडण घेऊन चुकीच्या रांगेत उभा होता. त्याला मी पहिल्या मजल्यावर नेऊन सोडलं, परत आलो तर रांगेच्या शेवटी. मग अर्ज मिळाला. गुळगुळीत कागद. तू म्हणालीस तसंच, वाक्य छापलेलं होतं, आपण फक्त नाव घालायचं. पेन खिडकीला दोरीने बांधलेलं. माझं नाव लिहिलं. नाव लिहायला काय जातं?

खिडकीतल्या माणसाने अर्ज ओढला, वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, 'बाई तुमच्या कोण?'

ताई, मला तेव्हा तुझ्याबद्दल एक गोष्ट कळली. माणूस दारात आडवा बसलेला असतो, हातात कागद असतो, मागे रांग असते, आणि आत जायचं तर एक वाक्य म्हणायचं असतं. एवढं सोपं असतं ते. माझ्या तोंडात आलं होतं. 'मी त्यांच्याकडे असायचो.' जिभेच्या टोकावर होतं, तुझं वाक्य, जसंच्या तसं. खोटंही नाही. आत घेतलं असतं मला, कायमचं.

मी म्हटलं, 'एक मिनिट.' अर्ज परत मागितला. त्याने दिला नाही, म्हणाला, नाव घातलेला अर्ज परत देता येत नाही. मी म्हटलं, सही कुठे आहे त्याच्यावर? मागचे लोक ओरडायला लागले, अहो ठरवून या ना. शेवटी त्याने मधोमध आडवी रेघ मारली आणि हातात दिला. घडी करून तो मी मीटरच्या वहीत ठेवला होता. आज वही जमा करताना काढून घेतला.

होय, झाकण उचलायचा आकडाही जमा केला. घागरीने रडू आणलं उगाच. पलीकडच्या शहरात त्याचा मेहुणा आहे म्हणे, विजेच्या मीटरवाल्यांकडे, चिठ्ठी देतो म्हणाला. मी म्हटलं, नको, तुमचा मेहुणा घोषणापत्र भरतो की नाही, कोणाला माहीत. तर हसला. खरंच थोडा सांडतो तो हसताना.

पण हे विसरू नकोस की मी अजून चिडलेलोय. पुढच्या वेळी माझ्याकडून पुरावा हवा असेल तर पुरावा माग, आठवणी मागू नकोस. आणि आईने विचारलं होतं, हे नऊ वर्षं दाबून ठेवलंस त्याबद्दल मी भांडणार आहे. नीट, समोर बसून, तू उठलीस तरी.

हे पत्र पोचेल तेव्हा मुदत संपलेली असेल. खोली सोडतोय. गोदामवाल्याला फरशांसाठी जागा हवीच होती. पुढे काय ते ठरलेलं नाही, दाजींना तसं सांग, म्हणजे विचारणार नाहीत. रविवारी दुपारी येतो. डोक्यावर गादी असेल, त्यामुळे दार पूर्ण उघड, अर्धं नको.

आणि वाजवलं की आतून 'कोण?' म्हणून विचारू नकोस. फायलीत बघ.

तुझा भाऊ,
भिंगरी